कण्हेरीच्या जळणावरचे भरीत

भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची असतात. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडे उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. खानदेशात हे कोणी कोणाला शिकवत नाही. पऱ्हाटी पटकन पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते. तेवढ्या वेळात वांग्याची साल करपते आणि आतला गर लोण्यासारखा होतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याचेही भरीत होते, पण ते वाढताना घरचा माणूस आधीच माफी मागून मोकळा होतो.

अलीकडे पऱ्हाट्या मिळेनाशा झाल्या आहेत. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात पुन्हा येऊ नये म्हणून कापूस संपताच शेतात यंत्र फिरवतात आणि उभ्या झाडांचा भुगा करून मातीत मिसळतात. शेतीसाठी ते बरे. भरितासाठी मात्र डिसेंबर आला की जळण शोधत फिरावे लागते. त्या शोधातून जे घडले ते आमच्या घरात आता हसत सांगितले जाते. त्या दिवशी कोणी हसत नव्हते.

माझी थोरली बहीण धुळ्याला देवपुरात राहते. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे अजून माहेरच्या अहिराणीत. काही वर्षांपासून तिच्या हृदयाचे ठोके नियमित पडत नाहीत, त्यासाठी रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, वरणगावजवळ दिली आहे. जावई कारखान्यात नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी शेती पाहतो. शेत महामार्गाला लागूनच आहे. दर थंडीत तिथे भरीत होते आणि दोन्हीकडची माणसे जमतात. त्या रविवारी अक्काचा मुलगा तिला जळगावपर्यंत सोडून गेला आणि जळगावहून मी तिला घेऊन निघालो. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यापासून ही कामे माझ्याकडे आहेत.

शेतात पोचलो तेव्हा जाळ पेटला होता. भाचीचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, खाटेवरून उठून पुढे आले.

"या अक्का, या. वांगे तुमचीच वाट पाहून राह्यले."

"वांगास्ले काय वाट पाहनी? भूक तुम्हले लागनी," अक्का म्हणाली.

बायकांनी ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. मुळे, कांद्याची पात, ठेचा असे एकेक सतरंजीवर येत होते. जावई जाळाशी होता. धूर जरा जास्तच होता आणि तो डोळ्यांना झोंबत होता. जावई खोकत होता, पण जाळ मस्त लागला होता आणि आबा त्याचे श्रेय मुलाला देत होते. पऱ्हाट्या मिळाल्या नाहीत म्हणून यंदा त्याने दुसरीकडून जळण आणले होते, चांगले पिकअप भरून. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड, सरळ, कोरड्या काड्या. एका उंचीच्या, जणू मोजून कापलेल्या.

भाजलेले पहिले वांगे ठेचायला घेत नाहीत. ते बाजूला काढतात, सोलतात, मीठ लावतात आणि जमलेल्यांपैकी वडील माणसाने ते चाखायचे असते. यात मानाचा भाग आहेच, पण कारण साधे आहे. एखाद्या मळ्याची वांगी कडू निघतात, आणि एक कडू वांगे सगळ्या भरिताची चव घालवते. तिथे अक्कापेक्षा मोठे कोणी नव्हते. जावयाने वांगे जाळातून ओढले, आतपर्यंत शिजले की नाही हे पाहायला त्याच ढिगातली एक काडी त्यात खुपसली, काढली, आणि वांगे ताटलीत घालून सासूपुढे ठेवले.

चाखायला एक घास पुरतो. अक्काने अर्धे वांगे संपवले.

"गोड शे," तिने निकाल दिला. "कुटा आते."

मग हात पुसून ती जाळाजवळ सरकली. निखारे सारखे करायला तिने ढिगातून एक काडी उचलली. त्या काडीच्या टोकाला दोन शेंगा राहून गेल्या होत्या. लांब, बारीक, वाळून उकललेल्या, आणि आत कापसासारखा तपकिरी भुरा. अक्काने काडी डोळ्यांजवळ नेली.

"जावईबापू, हाई लाकूड कोठलं शे?"

"रस्त्याचं आहे अक्का. डिव्हायडरमधली झाडं छाटतात ना, ते छाटून बाजूला टाकून गेले होते. कधीपासून पडून होतं. एकदम कोरडं."

"हाई कन्हेर शे," अक्का म्हणाली.

महामार्गाच्या मधोमध कण्हेर लावलेली असते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. गुलाबी, पांढरी, कुठे लाल. रोज त्या फुलांजवळून जा-ये करणारी माणसे तिथे बसली होती. कण्हेर विषारी असते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत होते. पण ते ज्ञान पानाफुलांपुरते होते. पाने गळून गेलेली, सारख्या मापात तोडलेली कोरडी काडी ही फक्त काडी असते. अक्काच्या देवपूरच्या अंगणात मात्र लाल कण्हेर आहे आणि रोज सकाळी ती तिची फुले देवाला काढते. फुले काढताना हाताला शेंग लागते. म्हणून तिने ओळखली. ओळखली तेव्हा अर्धे वांगे पोटात गेलेले होते.

"बठ्ठं विझाडा," ती म्हणाली. "कोनी तोंडमा काही घालू नका."

कोणीतरी बादलीभर पाणी ओतले. वाफ उठली. भाची पुरीचा झारा हातात घेऊनच धावत आली.

"आई, तू खाल्लंस ना?"

"मी चाखं."

"अर्धं वांगं खाल्लंस तू! मी पाहत होते."

"भूक लागेल व्हती," अक्का म्हणाली.

पुढची काही मिनिटे सगळे एकदम बोलत होते. आबांचे म्हणणे, आगीत विष जयून जातं, आणि वांगं तर सालीच्या आत होतं. दुसऱ्याने वांग्यात खुपसलेल्या काडीची आठवण करून दिली. तिसऱ्याने मिठाचे पाणी पाजून उलटी करवा म्हटले. जावई ढिगातली एकेक काडी उचलून शेंगा शोधत होता. त्याच्या भुवयांवर राख बसली होती. भाचीने भुसावळच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारले ते इतकेच, की वय काय, कोणती औषधे चालू आहेत आणि कधी खाल्ले. उलटी करवू नका, घेऊन या, गोळ्यांची पट्टी आणा आणि ती काडीही आणा, असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

गाडी जावयाने काढली. अक्का पुढे बसली, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काडी. मी आणि भाची मागे. वरणगावहून भुसावळ लांब नाही, पण त्या रस्त्यावर डिव्हायडर होता आणि डिव्हायडरमध्ये कण्हेर फुललेली होती. गाडीत कोणी त्या बाजूला पाहत नव्हते. जावई ज्या वेगाने निघाला होता तो पाहून अक्काच पहिल्यांदा बोलली.

"हळू चालाडा जावईबापू. कन्हेर सोडी दी, तुम्हनी गाडी सोडनार नही."

डॉक्टर वयाने भाचीएवढ्या होत्या. त्यांनी काडी पाहिली, शेंग पाहिली, मान हलवली. मग गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि ती मात्र जरा जास्त वेळ पाहिली.

त्यांनी जे सांगितले ते सरळ होते. कण्हेरीचे विष हृदयावर काम करते. अक्का ज्या गोळीवर होती ती गोळीही हृदयावर त्याच प्रकारे काम करते. निरोगी माणसाच्या शरीराला थोडे जास्त झालेले चालून जाते, अक्काच्या शरीरात ती जागा गोळीने आधीच व्यापलेली आहे. लाकडावर भाजल्याने वांग्यात किती उतरले, काडी खुपसल्याने किती उतरले, हे कोणालाही सांगता येणार नाही. बहुधा फार नाही. पण बहुधा या शब्दावर त्या तिला घरी पाठवणार नव्हत्या.

"आजी, वांगं कडू लागलं का?"

"कडू राहतं ते मी सांगं नस्तं का? मनं कामच ते शे," अक्का म्हणाली. कडू असते तर सांगितले नसते का, तेच तर माझे काम, असा त्याचा अर्थ.

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. कण्हेर जहाल कडू असते, त्यामुळे ही चांगली खूण आहे, असे त्या म्हणाल्या. वांगी चाखण्याच्या ज्या रीतीने अक्काला तिथे आणले होते, तिचीच साक्ष तिच्या बाजूने निघाली.

पहिला ईसीजी सरळ नव्हता. तो कधीच सरळ नसतो, हे आम्ही सांगितले. प्रश्न तोच होता. दिसतो तो बिघाड जुना आहे की आजचा, हे एका कागदावरून ठरत नव्हते. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा, रक्त तपासायचे आणि पाहायचे. बदलला तर आजचा. तसाच राहिला तर जुना, अक्काचा स्वतःचा.

म्हणजे काम होते ते थांबण्याचे. अक्काला आत ठेवले. भाची तिच्याजवळ बसली. जावयाच्या डोळ्यांत आणि छातीत धूर गेला होता, म्हणून डॉक्टरांनी त्यालाही तपासले, काही नाही म्हणाल्या आणि बाहेर बसवले.

जावयाला कोणी रागावू शकत नाही. मुलगा असता तर एव्हाना चार जणांनी त्याला फैलावर घेतले असते आणि त्यालाही बरे वाटले असते. जावयाला चहा विचारतात. मी विचारला. तो नको म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, तुम्ही काही बोला तरी."

 बाकावर बसून समोर दिसेल ते पाहत होतो. रुग्णालयाच्या दारात दोन कुंड्या होत्या, पांढरे ठिपके असलेली रुंद हिरवी पाने. ही शोभेची झाडे बहुतेक दवाखान्यांत आणि बँकांत असतात. पान चावले तर जीभ सुजून बोलता येत नाही. कुंपणाशी पिवळी कण्हेर, जिच्या बिया मुले खेळायला गोळा करतात. ती आपल्या कण्हेरीपेक्षाही वाईट. रस्त्यापलीकडे रिकाम्या प्लॉटवर धोतरा, पांढरे कर्णे वर करून. जावयाला मी एकेक दाखवत गेलो. त्याला बरे वाटावे एवढाच हेतू होता. चूक त्याने एकट्याने केलेली नाही, सगळा जिल्हा असल्या झाडांमध्ये राहतो आणि रोज वाचतो.

"पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला कळलावी फुलते," मी म्हणालो. "लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. तिचा कंद तर विचारूच नका."

"मामा, बस," जावई म्हणाला.

वर्तमानपत्रात असताना अशा बातम्या तालुक्यांतून यायच्या. एरंडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बिया शेंगदाणे समजून मुलांनी खाल्ल्या, असे दर पावसाळ्यानंतर कुठून ना कुठून यायचे. एक कॉलम, आतल्या पानावर. शेवटचे वाक्य ठरलेले असायचे. प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ते वाक्य नसेल तर वार्ताहराला फोन करून विचारायचे, आणि असेल तर बातमी पुढे सोडायची. जागा कमी पडली की सगळ्यात आधी तेच वाक्य कापले जाई, कारण त्यात घडलेले काही नसते.

दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. हातात कागद होते. दुसरा ईसीजी पहिल्यासारखाच होता. रक्तातले पोटॅशियम ठीक होते.

"प्रकृती स्थिर आहे," त्या म्हणाल्या.

मी ते त्यांना पुन्हा म्हणायला लावले.

आत गेलो तर अक्का भाचीची समजूत काढत होती. "तू कसाले रडस? माले काही व्हयनं नही." मग तिला जावई दारात दिसला. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. अक्काने त्याला हाताने बोलावले.

"वांगास्नं काय करं?"

जावयाला प्रश्न अपेक्षित नव्हता. त्याने सांगितले की आबांनी फोनवर कळवले आहे. सगळी वांगी, राख आणि उरलेल्या काड्या खोल खड्डा करून पुरल्या, गुरे तिकडे जाऊ नयेत म्हणून. माणसे ठेचा आणि मुळ्याशी पुऱ्या खाऊन घरी गेली.

"बठ्ठी वांगी?"

"सगळी."

"चांगली व्हतीत रे," अक्का म्हणाली. सबंध दिवसात तिला वाईट वाटलेले मी तेवढे एकदाच पाहिले. जावई पलंगाच्या कडेला बसला आणि हसायला लागला. त्याला ते हसू आवरेना. भाचीने आधी त्याच्याकडे रागाने पाहिले, मग तीही हसली. नर्सने येऊन आम्हाला गप्प केले.

डॉक्टरांनी तिला रात्री ठेवून घेतले. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. तिसरा ईसीजी दुसऱ्यासारखा होता आणि सकाळचा तिसऱ्यासारखा. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून मग गोळी पुन्हा सुरू करा, असे सांगून त्यांनी तिला सोडले. अक्काने जाताना त्यांना भरिताला यायचे आमंत्रण दिले. डॉक्टर म्हणाल्या, गॅसवरचं असेल तर येईन.

भुसावळहून जळगाव, जळगावहून धुळे, सगळ्या रस्त्याने मध्ये कण्हेर होती. आदल्या दिवशी जिकडे पाहवत नव्हते तिकडे आता आम्ही तिघेही पाहत होतो. भाची सोबत आली होती. ऊन चढले होते, ट्रकच्या वाऱ्याने फांद्या हलत होत्या. धुराने काळवंडणाऱ्या, कोणी पाणी घालो न घालो फुलणाऱ्या त्या झाडाला रस्त्यात का लावतात हे समजायला वेळ लागत नाही. कशानेही मरत नाही, आणि कोणी खात नाही.

"देखनी शे पन," अक्का म्हणाली.

देवपूरला पोचलो तर भाचा, अक्काचा मुलगा, अंगणात उभा होता. हातात कोयता, पायाशी तोडलेली एक फांदी. फोनवर सगळे कळल्यापासून त्याने ठरवून टाकले होते की आज हे झाड काढायचे. आईला पाहून तो पुढे आला, तिच्या पाया पडला आणि पुन्हा कोयत्याकडे वळला.

"काय करी ऱ्हायना तू?"

"तोडतोय. घरात लहान मुलं आहेत, तू आहेस."

"झाडना काय गुन्हा शे? ते काय चालत गयं चुलामा?"

बराच वेळ त्यांचे चालले होते. शेवटी तडजोड झाली. झाड राहील, पण फुले अक्का काढेल ती चिमट्याने नव्हे तर नेहमीसारखी हातानेच, आणि मग साबणाने हात धुवेल. चिमट्याची सूचना भाच्याची होती आणि ती एका वाक्यात फेटाळली गेली. तोडलेली फांदी त्याने जाळली नाही. कुठे टाकावी हे कळेना म्हणून ती दोन दिवस गच्चीवर पडून होती, आणि मग त्याने ती खड्डा करून पुरली.

भरीत पुढच्या रविवारी देवपुरात झाले. ते व्हायलाच हवे, असे अक्काने जावयाला फोनवर सांगितले होते. वांगी तिकडचीच आणायची. जळण कशाचे, हे तिने विचारले नाही. तेवढे न विचारण्यातच सगळे होते, आणि जावयाला ते समजले होते.

तो आला तेव्हा गाडीच्या डिकीत बाभळीचे जळण होते. फांद्यांवरचे पांढरे लांब काटे एकही न काढता आणलेले. जळण भरताना आबांना दोन काटे बोचले होते, त्यांनी डिकी उघडताच तक्रार केली. "म्या म्हटलं काटे तासून घे. ऐकतच नाही. म्हणे, राहू द्या, वयखू यायला पाह्यजे." ओळखू यायला हवे म्हणून जावयाने काटे ठेवले होते.

बाभळीवर वांगे भाजायला पऱ्हाटीपेक्षा जास्त वेळ लागतो. अंगणात, कण्हेरीपासून लांब, जाळ केला. पहिले वांगे शिजले तेव्हा भाचीने ताटली अक्कापुढे धरली. पण ती अक्कापर्यंत गेली नाही. जावयाने मधेच घेतली. त्याने वांगे सोलले, मीठ लावले आणि सगळ्यांसमोर एक मोठा घास तोंडात टाकला. तो गरम होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्याने तो बाहेर काढला नाही.

अंगणातले सगळे त्याच्याकडे पाहत होते. आबा, भाचा, भाची, मी. अक्का खुर्चीत पुढे झुकली होती.

"कडू शे का?"

जावयाने घास गिळला. नाही म्हणून मान हलवली.

"अर्धं खावानं राहस," अक्का म्हणाली. "एक घासवर काय समजस?"

त्याने अर्धे खाल्ले. मग अक्काने हात पुढे केला आणि उरलेले अर्धे मागून घेतले.